क्लाउडवर ठेवलेली स्टोरीलाइनची फाइल उघडत नाही तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका ट्रेनिंग टीमने स्टोरीलाइन ३६०मध्ये, म्हणजे आर्टिक्युलेट कंपनीच्या ई-लर्निंग कोर्स बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, कोर्स बनवला. प्रोजेक्टची फाइल वनड्राइव्हच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये होती. शुक्रवारी संध्याकाळी एकीने सेव्ह केलं आणि लगेच लॅपटॉप बंद करून ती घरी गेली. सोमवारी दुसऱ्याने उघडायला घेतली तर संदेश आला की प्रोजेक्टची फाइल खराब झाली आहे, उघडता येत नाही. फोल्डरमध्ये आता त्याच नावाच्या दोन फाइली दिसतात आणि एकीच्या नावाला लॅपटॉपचं नाव चिकटलंय. स्टोरीलाइन काढून पुन्हा इन्स्टॉल केलं, तरी फरक नाही. कोर्स बुधवारी क्लायंटला द्यायचा आहे. काय करावं?

पहिली गोष्ट, स्टोरीलाइनला त्रास देणं थांबवा. दुखणं बहुधा सॉफ्टवेअरचं नाही, त्यामुळे इन्स्टॉलेशनमध्ये अर्धा दिवस घालवून हाती काही लागत नाही. शिवाय बिघडलेली फाइल क्लाउडच्या फोल्डरमध्ये असताना प्रत्येक हालचाल सगळ्यांच्या मशीनवर पोचते. कोणी घाईत 'सेव्ह' दाबलं, कोणी नाव बदललं, कोणी 'ही जादाची फाइल कशाला' म्हणून उडवली, की तेच सगळीकडे होतं. सिंक करणाऱ्याला, म्हणजे मशीनवरचा आणि क्लाउडवरचा फोल्डर सारखा ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला, चांगली आवृत्ती कुठली आणि वाईट कुठली हे कळत नाही, त्याला फक्त नवी आणि जुनी कळते.

म्हणून आधी सिंक थांबवा. वनड्राइव्हच्या ढगाच्या आयकॉनवर क्लिक केलं की पॉज करायचा पर्याय मिळतो, २, ८ किंवा २४ तासांसाठी. २४ घ्या, आणि ज्यांच्या ज्यांच्या मशीनवर तो फोल्डर आहे त्या सगळ्यांना घ्यायला सांगा. मग दोन्ही फाइली कॉपी करून सी ड्राइव्हवर एका आखूड नावाच्या फोल्डरमध्ये आणा. कट नाही, कॉपी. यापुढे जे काही करायचं ते या कॉपींवर, मूळ फाइलींना हात नाही.

शुक्रवारी ज्या लॅपटॉपवर काम झालं तो सध्या कुठे आहे? तो अजून उघडला नसेल तर तुमचं नशीब चांगलं आहे. वायफाय बंद ठेवून चालू करा. घरचं नेटवर्क आपोआप जोडलं जात असेल तर राउटरच बंद करा. लॅपटॉप चालू झाला की त्यावरची फाइल आधी सी ड्राइव्हवर कॉपी करा आणि मगच नेट जोडा. शुक्रवारचं पूर्ण काम अनेकदा त्या एकाच मशीनवर असतं, कारण अपलोड व्हायच्या आत झाकण लागलेलं असतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अर्धवट अपलोड झालेली फाइल क्लाउडवर अर्धवटच दिसते असं बहुतेकांना वाटतं. सहसा तसं होत नाही. मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी वर जाते, आणि सगळे तुकडे पोचल्याशिवाय क्लाउड जुनी आवृत्ती बदलत नाही. म्हणजे शुक्रवारचं अपलोड अर्ध्यात तुटलं असेल तर सोमवारी तुमच्या सहकाऱ्याला गुरुवारची धडधाकट फाइल दिसायला हवी होती. तुटकी दिसली याचा अर्थ बहुधा ती क्लाउडवर जायच्या आधीच, डिस्कवर लिहिताना तुटली, आणि सिंकने ती तुटकी फाइल इमानेइतबारे वर पाठवली.

लिहिताना फाइल तुटण्याची कारणं मोजकीच आहेत. सेव्ह चालू असताना सिंकने किंवा अँटीव्हायरसने तीच फाइल धरून ठेवणं, डिस्क भरणं, आणि सेव्ह पुरं व्हायच्या आत मशीन बंद पडणं. शेवटच्या कारणाचा एक खास प्रकार आहे. पॉवरचं बटण दाबून धरलं, किंवा यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर काम चालू असताना लाइट गेली, तर विंडोज कधीकधी फाइलचा आकार नोंदवतं, पण मजकूर डिस्कवर उतरलेलाच नसतो. मग फाइल समजा बरोबर २१४ एमबीची दिसते आणि आत नुसती शून्यं असतात. भारनियमनाच्या गावात घरून काम करणाऱ्यांना हे दुखणं ओळखीचं असेल.

आता व्हर्जन हिस्टरी, म्हणजे क्लाउडने जपून ठेवलेल्या फाइलच्या जुन्या आवृत्त्यांची यादी. दहातली आठ प्रकरणं इथेच मिटतात, आणि लोक इथे सर्वांत शेवटी येतात याचं मला नेहमी नवल वाटतं. ब्राउझरमध्ये वनड्राइव्ह उघडा, फाइलवर राइट क्लिक करा, व्हर्जन हिस्टरी निवडा. फाइल टीम्सच्या चॅनलमध्ये असेल तरी ती मुळात शेअरपॉइंटवरच असते, तेव्हा तिथेही हेच. यादी आली की वेळेच्या आधी आकाराचा रकाना बघा. समजा खालून वर २११, २१३, २१४, २१४ आणि सर्वांत वर ३८ एमबी असं दिसलं, तर कुठे घात झाला ते सांगायला तज्ज्ञ नको. शेवटची २१४ची आवृत्ती डाउनलोड करा. 'रिस्टोअर' आत्ता दाबू नका. डाउनलोड केलेली फाइल सी ड्राइव्हवर उघडून, प्रीव्ह्यू करून, दोनचार ट्रिगर (काय केलं की काय व्हावं ते सांगणाऱ्या सूचना) तपासून खात्री पटली की मग पुढचं.

यादीत सगळे आकार सारखेच असतील तर ती शून्यांची गोष्ट असू शकते. तेव्हा एकेक आवृत्ती मागे जात उघडून बघण्याला पर्याय नाही.

किती मागे जाता येईल ते सेवेवर आणि खात्यावर अवलंबून आहे. कंपनीच्या वनड्राइव्हवर सहसा ५०० आवृत्त्यांपर्यंत, अ‍ॅडमिनने तो आकडा कमी केला नसेल तर. घरगुती खात्यावर २५. गूगल ड्राइव्हवर स्टोरीलाइनची फाइल परक्या प्रकारची गणली जाते, म्हणून जुन्या आवृत्त्या ३० दिवसांनी किंवा १०० आवृत्त्यांनंतर उडू शकतात. एखादी आवृत्ती 'कायम ठेवा' अशी खूण करून वाचवता येते, पण ती खूण आधी करावी लागते. ड्रॉपबॉक्सवर साध्या खात्यांना ३० दिवस आणि बिझनेसच्या बहुतेक खात्यांना १८० दिवस मिळतात.

व्हर्जन हिस्टरीत एकच आवृत्ती दिसली तरी हात टेकू नका, रिसायकल बिन बघा. बरेच प्रोग्रॅम जुन्या फाइलवर थेट लिहीत नाहीत. ते बाजूला नवी फाइल तयार करतात, जुनी काढतात आणि नवीला जुनीचं नाव देतात. क्लाउडला हे कधीकधी 'एक फाइल उडाली, दुसरी आली' असं दिसतं, आणि मग जुन्याचा सगळा इतिहास बिनमध्ये जाऊन बसतो. कंपनीच्या वनड्राइव्हचा बिन ९३ दिवस टिकतो, घरगुती वनड्राइव्हचा आणि गूगल ड्राइव्हचा ३० दिवस.

लॅपटॉपच्या नावाची जी दुसरी फाइल आहे तिला लोक कचरा समजतात. ती कचरा नाही. एकाच फाइलमध्ये दोन ठिकाणी बदल झाले आणि सिंकला कोणाचं खरं मानावं ते ठरवता आलं नाही, म्हणून त्याने दोन्ही ठेवल्या. वर्ड किंवा एक्सेलमध्ये दोघांचे बदल आपोआप एकत्र होतात, ती सवय आपल्याला लागली आहे. स्टोरीलाइनच्या फाइलबाबतीत ते होत नाही. ती जिच्या मशीनवरून आली असेल तिचं शुक्रवारचं काम बहुधा याच फाइलमध्ये आहे. सी ड्राइव्हवरची तिची कॉपी उघडून बघा.

इथपर्यंत काहीच हाती लागलं नाही, तर फाइलच्या आत डोकावू. त्याआधी एक साधी तपासणी: मूळ फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. तिथे दोन आकार दिसतात, एक फाइलचा आणि दुसरा डिस्कवर व्यापलेल्या जागेचा. दुसरा शून्य असेल तर फाइल तुमच्या मशीनवर आलेलीच नाही, फक्त तिची पाटी आली आहे. नावापुढे निळा ढग असतो तो हाच. २०१७ पासून विंडोज १०मध्ये ही सोय आली, आणि जागा वाचवण्यासाठी बरेच दिवस न उघडलेल्या फाइली विंडोज स्वतःहूनही ढगात परत पाठवू शकतं. नेट नसताना किंवा वनड्राइव्ह बंद असताना अशी फाइल उघडली की 'क्लाउड फाइल प्रोव्हायडर चालू नाही' छापाचा संदेश येतो, किंवा स्टोरीलाइन सरळ 'खराब आहे' म्हणतं. फाइलला काहीही झालेलं नसतं. राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा, भरीव हिरवी टिकली येईपर्यंत थांबा, मग उघडा.

फाइल खरोखर मशीनवर असेल तर पुढचं ऐका. स्टोरीलाइनची फाइल ही मुळात झिप आहे, म्हणजे अनेक फाइली एकात बांधलेलं गाठोडं. पॉवरपॉइंटची पीपीटीएक्सही तशीच. विंडोजमध्ये फाइलींची एक्स्टेन्शन दाखवण्याचा पर्याय चालू करा, कॉपीच्या नावाशेवटचं 'स्टोरी' पुसून 'झिप' लिहा आणि ७-झिप या झिप उघडणाऱ्या प्रोग्रॅमने उघडा. विंडोजचा स्वतःचा झिप उघडणारा इथे कामाचा नाही. तो जरा कुठे खुट्ट झालं की नाही म्हणतो. ७-झिप कुरकुरत का होईना, आत जे आहे ते दाखवतो.

झिपची रचना कळली तर पुढचं सोपं जातं. आतली प्रत्येक वस्तू आपापल्या छोट्या मथळ्यासह एकामागून एक ठेवलेली असते, आणि सगळ्यांची यादी फाइलच्या अगदी शेवटी असते, संदर्भग्रंथाच्या मागे सूची असते तशी. सेव्ह अर्ध्यात तुटलं की नेमकी सूचीच लिहायची राहते. स्टोरीलाइन आधी सूची शोधतं, ती सापडत नाही आणि फाइल खराब ठरते. पण आधीची पानं जागेवर असतात.

फाइल नोटपॅड++ सारख्या साध्या एडिटरमध्ये उघडलीत तर धडधाकट झिपची पहिली दोन इंग्रजी अक्षरं 'पीके' दिसतात. फिल कॅट्झ यांनी १९८९मध्ये हा प्रकार आणला, त्यांची ती आद्याक्षरं. 'पीके' दिसलं की फाइलचं तोंड शाबूत आहे, शेपूट गेलं असेल. पीकेच्या जागी ओळीच्या ओळी रिकाम्या खुणा दिसल्या तर ती शून्यांची फाइल. तिच्यासाठी दुरुस्तीचं कुठलंही सॉफ्टवेअर विकत घेऊ नका. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि 'पीके'ऐवजी वेबपेजचा कोड दिसला, तर तुम्ही फाइलच्या ऐवजी लॉगिनचं पान डाउनलोड केलंय. ब्राउझरच्या शेअर लिंकवरून फाइल उतरवताना हे होतं.

शेपूट गेलेल्या फाइलवर विनरार या अशाच दुसऱ्या प्रोग्रॅमचा 'रिपेअर' चालवून बघण्यासारखा आहे. तो आतले मथळे वाचत जाऊन सूची नव्याने बांधतो. फक्त सूचीच गेली असेल तर दुरुस्त झालेली झिप पुन्हा 'स्टोरी' नावाने स्टोरीलाइनमध्ये उघडण्याची आशा असते. स्लाइडच गहाळ असतील तर उघडणार नाही, पण चित्रं, आवाजाच्या फाइली आणि व्हिडिओ ७-झिपने बाहेर काढता येतात. त्यांची नावं ओळखीची नसतील, ऐकून-बघून लावावी लागतील. स्लाइडचा मजकूर एक्सएमएलमध्ये, म्हणजे साध्या एडिटरमध्ये वाचता येणाऱ्या फाइलींत असतो, तोही कॉपी करून घेता येतो. दुधाची तहान ताकावर, पण निवेदन पुन्हा रेकॉर्ड करण्यापेक्षा हे परवडतं.

फाइल दुरुस्त करून देणाऱ्या फुकट वेबसाइटवर मात्र क्लायंटचा कोर्स चढवू नका. आत त्यांची अंतर्गत माहिती असते आणि तुम्ही गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते. त्यापेक्षा आर्टिक्युलेटच्या सपोर्टकडे केस काढा. तिथे फाइल तपासायला पाठवता येते. त्यासाठीही क्लायंटला एका ओळीची मेल टाकून ठेवलेली बरी.

शुक्रवारच्या लॅपटॉपवर आणखी एक जागा शोधायची राहिली. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत टक्क्याचं चिन्ह, अ‍ॅपडेटा, पुन्हा टक्क्याचं चिन्ह असं इंग्रजीत टाइप करा. आत आर्टिक्युलेटचा फोल्डर, त्यात स्टोरीलाइनचा. तिथे तुमच्या प्रोजेक्टच्या नावाने सुरू होणारी टेंप, म्हणजे तात्पुरती, फाइल आहे का बघा. एकापेक्षा जास्त असतील तर सर्वांत अलीकडची घ्या, डेस्कटॉपवर कॉपी करा, शेवटचं 'टीएमपी' बदलून 'स्टोरी' करा आणि उघडा. ही फाइल फक्त ज्या मशीनवर काम झालं तिथेच सापडते. सहकाऱ्याच्या मशीनवर शोधून उपयोग नाही.

झिप नीट उघडतेय, आत सगळं दिसतंय आणि तरीही स्टोरीलाइन नकार देतंय असं असेल तर दोन गोष्टी बघा. एक म्हणजे आवृत्ती. नव्या अपडेटमध्ये सेव्ह केलेली फाइल जुन्या अपडेटला उघडता येईलच असं नाही, आणि स्टोरीलाइन ३ला ३६०ची फाइल उघडत नाही. टीममध्ये कोणी अपडेट केलं आणि कोणी नाही, तर सोमवारी असाच गोंधळ होतो आणि दोष फाइलवर जातो.

दुसरी म्हणजे पत्त्याची लांबी. विंडोजमधल्या बऱ्याच प्रोग्रॅमना ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंतचा पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या आत लागतो. वनड्राइव्हचा फोल्डर आधीच 'यूझर्स', तुमचं नाव, 'वनड्राइव्ह', कंपनीचं पूर्ण कायदेशीर नाव असा लांबलचक सुरू होतो. त्यात 'अंतिम', 'अंतिम सुधारित', 'क्लायंटच्या सूचनांनंतर अंतिम सुधारित' अशी आपली फोल्डरं. आणि नावं देवनागरीत असतील तर डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा अक्षरं जास्त मोजली जातात. 'प्रशिक्षण' आपल्याला चार अक्षरांचं वाटतं, पण मशीन हलन्तं, वेलांट्या आणि जोडाक्षरांचे तुकडे वेगवेगळे मोजतं: प, हलन्त, र, श, वेलांटी, क, हलन्त, ष, ण, अशी नऊ. मराठीवर माझा राग नाही. कोर्सच्या आत हवं तितकं मराठी लिहा, फक्त प्रोजेक्टच्या फाइलचं आणि फोल्डरचं नाव इंग्रजीत, आखूड, कुठलीही खास चिन्हं न घालता ठेवा. चित्रांच्या आणि आवाजाच्या फाइलींनाही तेच.

फाइल उघडते पण एका ठरावीक स्लाइडवर गेलं की स्टोरीलाइन बंद पडतं, हा वेगळा आजार आहे. नवा रिकामा प्रोजेक्ट घ्या, इम्पोर्टमधून जुन्या फाइलचे अर्धे सीन (स्लाइडचे गट) आणा, सेव्ह करा, प्रीव्ह्यू बघा. ठीक असेल तर उरलेल्यातले अर्धे. असं करत गेलं की दोषी स्लाइड पाचसहा फेऱ्यांत सापडते. तेवढी एक नव्याने बनवा.

समजा काहीच मिळालं नाही. मग टीमच्या मेलबॉक्समध्ये शोधा. तपासणीसाठी वर्डमध्ये पब्लिश केलेली प्रत, भाषांतरासाठी काढलेली फाइल, क्लायंटला आधी दिलेलं आउटपुट (पब्लिश केलेला तयार कोर्स), यातलं काहीतरी असतंच. वर्डच्या प्रतीत स्लाइडची चित्रं आणि मजकूर मिळतो. पब्लिश केलेल्या आउटपुटमध्ये 'स्टोरी कंटेंट' नावाचा फोल्डर असतो, त्यात आवाज आणि चित्रं असतात. त्यावरून प्रोजेक्टची फाइल परत तयार होत नाही, ट्रिगर आणि व्हेरिएबल नव्याने बांधावेच लागतात. पण बुधवारी क्लायंटला दाखवायला जुनं आउटपुट चालू शकतं. सुधारित प्रत दोन दिवसांनी देतो असं आजच कळवलंत तर बुधवारी तोंड लपवायची वेळ येणार नाही.

कॅमटेशिया हे स्क्रीन रेकॉर्ड करून व्हिडिओ बनवायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी ओझरतं. तिथे विंडोजवरची प्रोजेक्ट फाइल लहान, मजकुराची असते आणि व्हिडिओ बाहेर असतात. तिथे 'खराब झाली' याचा अर्थ बहुतेक वेळा व्हिडिओ ढगात राहिले किंवा फोल्डर हलला, इतकाच. फाइल दुसऱ्याला द्यायची तर झिप म्हणून एक्सपोर्ट करा, व्हिडिओ सोबत जातात.

पुढे काय करायचं हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. चालू काम सी ड्राइव्हवर करा. दिवस संपला की स्टोरीलाइन बंद करा आणि मग फाइलची कॉपी क्लाउडवर टाका, नावात क्रमांक आणि ज्याने काम केलं त्याची आद्याक्षरं घालून. दुसऱ्याला काम करायचं तर त्याने ती कॉपी आपल्या सी ड्राइव्हवर उतरवायची. फाइल सध्या कोणाकडे आहे ते टीमच्या ग्रुपवर एका ओळीत लिहायचं. क्लाउडच्या फोल्डरमधून डबल क्लिक करून उघडायचं नाही, इतकंच पथ्य. आर्टिक्युलेट स्वतःही प्रोजेक्ट लोकल ड्राइव्हवर ठेवूनच काम करा असं सांगतं.

यात एक मेख आहे. 'मी तर डेस्कटॉपवरच काम करते' असं बऱ्याच जणी सांगतात. कंपनीच्या लॅपटॉपवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर आयटीने गुपचूप वनड्राइव्हच्या बॅकअपमध्ये घातलेले असतात. डेस्कटॉपवरच्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधला पत्ता वाचा. त्यात वनड्राइव्ह हा शब्द असेल तर तुमचा डेस्कटॉपही ढगातच आहे, आणि काम करायला सी ड्राइव्हच्या मुळाशी वेगळा फोल्डर करावा लागेल. कंपनीच्या लॅपटॉपवर तिथे फोल्डर करायची परवानगी नसेल तर आयटीकडे तिकीट टाका. कारण विचारलं तर हीच शुक्रवारची फाइल दाखवा.

यातलं करून झाल्यावर दोन्ही फाइलींचे आकार, व्हर्जन हिस्टरीतले आकार आणि ७-झिप काय म्हणालं ते जसंच्या तसं इथे लिहा. 'अनएक्सपेक्टेड एंड ऑफ डेटा' म्हणत असेल तर अजून बरंच वाचवता येईल. फाइल झिप म्हणून ओळखायलाच तयार नसेल, तर पहिली दोन अक्षरं काय दिसतात तेही कळवा.